तैलबैलाच्या कड्यावरील मोडलेल्या वाटा

पुण्याहून पहाटे निघावे, पौड मागे टाकावे, मुळशीच्या जलाशयाच्या काठाकाठाने निव्यापर्यंत जावे, तेथे उजवीकडे वळून पिंप्री-भांबर्डे या रस्त्याने तैलबैला गाव गाठावे, गावातल्या वाटाड्याबरोबर दोन-तीन तास कडेकपारी पाहाव्यात आणि दिवेलागणीनंतर आपापल्या घरी यावे, अशा सहली अलीकडे पुष्कळ निघतात. श्रोत्यांपैकी अनेकांनी ती केली असेल. आम्हीही गेल्या माघात अशाच एका सहलीबरोबर जाऊन आलो. माणसे पंचवीस, गाडी एक, आणि प्रत्येकाच्या हाती दिवसाचा कार्यक्रम छापलेला एक कागद. आज जे सांगावयाचे आहे ते त्या कागदावर नव्हते. पण त्याला निमित्त त्या सहलीचेच झाले, म्हणून तेथूनच आरंभ करतो.

तैलबैला गावाच्या मागे डोंगराच्या एका धारेवर काळ्या पाषाणाच्या दोन भिंती उभ्या आहेत. समुद्रसपाटीपासून त्यांचा माथा सुमारे ३,३०० फूट. लांबून पाहता कोणी एखादा अवाढव्य कोट बांधावयास घेतला आणि मधला दरवाजा बसविण्याआधीच काम टाकून दिले, असे वाटते. दोहोंच्या मधोमध इंग्रजी व्ही अक्षरासारखी खिंड आहे. गावातून तासाभराच्या चढणीने तेथे पोहोचता येते. खिंडीत उभे राहिले की दोन्ही बाजूंचा सरळ तुटलेला खडक दोनशे फुटांहून अधिक उंच गेलेला दिसतो. त्याच्या अंगावर आडवे पट्टे आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तप्त रस वाहत आला, थिजला, त्यावर पुन्हा दुसरा आला. सारा सह्याद्री अशा एकावर एक बसलेल्या थरांचा आहे, आणि त्या थरांचे हिशेबाचे पुस्तक येथे उघडे पडले आहे. भिंतीच्या पोटात खोदलेली एक गुहा आहे, तीत भैरोबाचे ठाणे, आणि जवळच पाण्याचे टाके.

शहरातून बरोबर आलेल्या मार्गदर्शकाने भिंतींची उंची सांगितली, छायाचित्रे कोठून चांगली येतात ते दाखविले, आणि एक वाक्य तो दोन-तीनदा बोलला : येथे माणसाचा हात लागलेला नाही, सारे आहे तसे आदिकाळापासून आहे. मंडळी प्रसन्न झाली. त्याच्याच शेजारी, हातात काठी घेऊन, त्या टाक्याच्या काठावर गावचा वाटाड्या बसला होता. टाके कोणी खोदले, असे आम्ही त्याला विचारले. त्याने ‘पूर्वीच्यांनी’ एवढेच उत्तर दिले. इतिहासाच्या अभ्यासकाला याहून अचूक उत्तर देता येईल असे आम्हांस वाटत नाही.

कारण खडकात टाके कोणी हौसेने खोदत नाही. जेथे माणसांचा राबता असतो आणि मार्ग तहान लावणारा असतो तेथेच तो खर्च होतो. वाटाड्या आम्हां तिघा-चौघांना घेऊन कड्याच्या कडेपर्यंत गेला आणि काठीने त्याने दिशा दाखविल्या. समोर सुधागड, त्याच्या पलीकडे पालीचा सरसगड, मागे वळून घनगड, वर उत्तरेकडे कोराईगड. खाली दोन अडीच हजार फुटांवर कोकण. आणि या कड्यावरून खाली उतरणाऱ्या दोन वाटा : एक वाघजाईचा घाट, जो ठाणाळ्याकडे उतरतो, दुसरा सवाष्णीचा घाट, जो सुधागडाच्या पायथ्याच्या धोंडश्याकडे जातो. दोन्ही आज गवताखाली गेलेल्या आहेत. पावसाळ्यानंतर डोंगर चढणारी तरुण मंडळी जातात तेवढीच.

आता हे चित्र जरा उलट्या बाजूने, कोकणातून पाहावे. वाघजाईच्या घाटाच्या पोटातच ठाणाळ्याची लेणी आहेत. एकूण २३, त्यांत एक चैत्य, एका ठिकाणी लहानमोठ्या स्तूपांचा समूह, बाकी भिक्षूंचे विहार. जवळच नेणवलीजवळ खडसांबळ्याची लेणी आहेत. इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या दोन शतकांत या कामांचा आरंभ झालेला आहे. भिक्षूंनी एकांतासाठी ही जागा निवडली, असे सांगण्याची आपल्याकडे वहिवाट आहे. आम्हांस ते पुरते पटत नाही. भिक्षू भिक्षेवर जगतो. त्याला एकांत हवा, पण दात्यापासून अर्ध्या दिवसाच्या अंतरावरचा. जुन्नरचे नाणेघाट पाहा, बोरघाटाच्या तोंडावरचे कार्ले पाहा. तेथील शिलालेखांत तर देणग्या देणाऱ्यांची, यवनांचीदेखील, नावे कोरलेली आहेत. चौल हे बंदर ग्रीक दर्यावर्द्यांना ठाऊक होते. बंदरावर उतरलेला माल देशावर न्यावयाचा तर मध्ये ही सह्याद्रीची भिंत आडवी, आणि भिंतीत जेथे जेथे फट तेथे तेथे घाट, घाटाशी लेणे, माथ्यावर टाके, आणि पुढील काळात चौकी व किल्ला. तैलबैलाच्या टाक्याचा काळ आम्ही ठरवीत नाही. पण ते ज्या साखळीतले आहे ती साखळी दोन हजार वर्षांची आहे.

सगळ्या वाटा सारख्या नव्हत्या, हेही ध्यानात ठेविले पाहिजे. काही बैलांच्या, काही केवळ डोक्यावरच्या ओझ्याच्या. वर येणार मीठ, सुकी मासळी, नारळ. खाली जाणार धान्य. आणि माणसे. सवाष्णीचा घाट या नावाविषयी दंतकथा आहेत, त्यांत आम्ही शिरत नाही. पण ज्या वाटेचे नाव एका लेकीसुनेवरून पडते ती वाट माहेर-सासरच्या येण्याजाण्याची होती एवढे मानावयास हरकत नसावी. आमच्या वाटाड्याची आजी खालच्या गावची होती. लग्न लागल्यावर ती याच घाटाने वर आली, आणि पुढे दर वर्षी माहेरी जाताना भल्या पहाटे निघून जेवणवेळेला आईच्या ओट्यावर असे. आज त्याच गावी मोटारीने जावयाचे तर लोणावळा, खोपोली, पाली असा मोठा वळसा पडतो.

या मुलखात वाट ठाऊक असणे म्हणजे काय, हे १६६१ च्या फेब्रुवारीत एका मोठ्या फौजेला कळले. शायिस्तेखानाने पुण्याहून कारतलबखानाला कोकणात उतरण्यासाठी धाडले. लोणावळ्याजवळ घाट उतरून तो याच कड्याच्या पायथ्याशी, येथून उत्तरेला, उंबरखिंडीत सापडला. दोन्ही बाजूंस झाडी आणि टेकाड, पुढे आणि मागे शिवाजीमहाराजांची माणसे. संख्या मोगलांची अधिक होती. पण पाणी कोठे, चोरवाट कोठे, हे दुसऱ्या पक्षाला ठाऊक होते. रायबागनेने शरण जाण्याचा सल्ला दिला, आणि खानाने सामानसुमान टाकून जीव वाचविला. या विजयात जितका वाटा तलवारीचा तितकाच वाटाड्याचा आहे. परंतु बखरीत आणि काव्यात वाटाड्याला नाव नसते.

पुढे १६८१ मध्ये औरंगजेबाचा बंडखोर पुत्र अकबर याला संभाजीमहाराज भेटले तेही सुधागडाच्याच परिसरात. १८१८ च्या मार्चमध्ये कर्नल प्रॉथर कोराईगडाला भिडला. तारीख १४ रोजी गडावरील दारूकोठार तोफगोळ्याने उडाले आणि किल्ला पडला. घनगड त्यानंतर लढाईवाचूनच गेला. किल्ले पडल्यामुळे हा मुलूख ओस झाला असा आमचा एके काळी समज होता. तो चुकीचा होता. किल्ले पडले तरी मीठ लागतेच, आणि लेक माहेरी जातेच. कोरबारसे मावळच्या वाटा तोफांनी मोडल्या नाहीत. त्या एका चांगल्या रस्त्याने मोडल्या.

१८३० साली गव्हर्नर माल्कम याच्या अमदानीत बोरघाटाचा रस्ता गाड्यांना खुला झाला. १८६३ साली त्याच घाटातून आगगाडी धावू लागली. ज्या मालाला पूर्वी दहा घाट होते त्याला आता एकच पुरेसा झाला. बैल गेला, चाक आले. व्यापारी दृष्ट्या हे हिताचेच होते आणि त्याविषयी गळा काढण्याचे कारण नाही. परंतु परिणाम असा झाला की जो मुलूख दोन हजार वर्षे रस्त्यावर होता तो एका पिढीत आडबाजूला पडला. घाटमाथ्याच्या गावाला दोन दारे असतात, एक देशाकडे, एक कोकणाकडे. त्यांतले कोकणाचे दार लोटले गेले. आम्ही ज्याला आदिकाळापासूनची शांतता म्हणत होतो तिचे वय जेमतेम दीडशे-पावणेदोनशे वर्षे भरते.

देशाकडचे दार उरले होते. त्याची हकीकत परतीच्या वाटेवर, गाडी जलाशयाच्या काठाला लागली तेव्हा आठवली. निळे पाणी, चारी बाजूंनी डोंगर, आणि खिडकीत गर्दी. या पाण्याखाली मुळेचे खोरे आहे. आंबेमोहोर भातासाठी ते प्रसिद्ध होते. वीज उत्पन्न करण्यासाठी येथे धरण बांधण्याचे टाटांच्या कंपनीने ठरविले आणि मालकांच्या परवानगीवाचून शेतांत चाचणीचे चर खणले गेले. पन्नासेक गावे आणि सुमारे ११,००० माणसे यांचा तो प्रश्न होता. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळ्यांनी सत्याग्रह आरंभला. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा होती. स्त्रियाही तुरुंगात गेल्या. विनायकराव भुस्कुटे यांनी चळवळ उभी केली, शिवरामपंत परांजपे यांनी तिच्यापायी कारावास भोगला, गांधीजींनी ‘यंग इंडिया’तून टाटांना विनविले, आणि पांडुरंग महादेव बापट यांना लोक ‘सेनापती’ म्हणू लागले ते याच लढ्यात.

लढा हरला. कारणे अनेक आहेत, पण एक कारण पुण्यातल्या श्रोत्यांपुढे सांगितलेच पाहिजे. खोऱ्यातील पुष्कळ जमिनी सावकारांकडे गहाण होत्या, आणि त्यांतले बरेच सावकार आमच्याच शहरातले होते. कुळाला जमीन हवी होती. सावकाराला मोबदल्याची रोकड दिसत होती. जमिनीचा कागद ज्याच्या हाती तो तडजोडीला तयार झाल्यावर, नांगर ज्याच्या हाती त्याने किती दिवस आडवे पडून राहावे? १९२४ अखेर चळवळ संपली. बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली. उठलेल्यांपैकी काही डोंगराच्या अंगावर वर सरकले, काही मुंबईस गेले, आणि त्या मुंबईला दिवे व गिरण्यांना वीज याच पाण्याने दिली. मुंबईला विजेची गरज नव्हती असे आमचे म्हणणे नाही. किंमत कोणी दिली एवढाच प्रश्न आहे.

यात एक विलक्षण गोष्ट आहे. मुळेचे पाणी स्वभावतः पूर्वेला वाहणारे. धरणाने ते अडविले, बोगद्यातून कड्याच्या पोटातून नेले आणि दीड हजार फुटांहून अधिक खाली कोकणात भिऱ्याच्या वीजगृहावर सोडले. ते वीजगृह १९२७ मध्ये सुरू झाले. ज्या कड्यावरून माणसांनी उतरणे सोडले होते त्यावरून आता नदी उतरू लागली. भिऱ्याहून सुटलेले हे पाणी कुंडलिकेला मिळते; कोलाडजवळ रबरी होड्यांतून त्या प्रवाहावर तरंगत जाण्याची मौज घेण्यासाठी आज शेकडो लोक जातात. सकाळी वीजगृहातून पाणी सुटेल तेव्हाच ती होडी चालते.

मुळशीच्या काठावरील एका वळणावर आमच्या गाडीने थोडा वेग कमी केला. उन्हाळ्यात पाणी ओसरले म्हणजे येथे जुने बांध आणि घरांची जोती उघडी पडतात. माघात अजून पाणी भरपूर होते, काही दिसले नाही. मार्गदर्शक तरुण होता, हुशार होता, आणि आम्ही त्याला सत्याग्रहाविषयी चार शब्द सांगितले तेव्हा त्याने मनापासून ऐकून घेतले व ते टिपून घेण्यासाठी आमच्याकडून पेन मागितले. पण कार्यक्रमाच्या कागदावर धरणाची भिंत नव्हती, त्यामुळे गाडी तेथे थांबली नाही. पुढे पौडला चहासाठी मात्र पंधरा मिनिटे राखून ठेवलेली होती.