घरगुती कार्यशाळेतील वाफेचे इंजिन : मापन आणि जुळणी यांचा इतिहास

प्रस्तावना

औद्योगिक क्रांतीचा इतिहास सामान्यतः मोठ्या यंत्रांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. खाणीतील पाणी उपसणारी इंजिने, सूतगिरण्या आणि लोहमार्ग हे त्याचे ठळक विषय होत. घरामागील शेडमध्ये पायाने चालणाऱ्या लेथवर पाऊण इंच व्यासाचे सिलिंडर तयार करणारा हौशी कारागीर या इतिहासात सहसा आढळत नाही. त्याच्या कामाची गणना छंदात होते आणि छंद हा संशोधनाचा विषय मानला जात नाही. परिणामी यंत्रनिर्मितीच्या ज्ञानाचा एक महत्त्वाचा प्रवाह दुर्लक्षित राहिला आहे. कारखान्यांनी मापनाधिष्ठित उत्पादनपद्धती स्वीकारल्यानंतर जुळणीवर आधारलेली जुनी पद्धती ज्या ठिकाणी टिकून राहिली, त्यांपैकी घरगुती कार्यशाळा हे एक प्रमुख ठिकाण होय. प्रस्तुत लेखात इंग्लंडमधील या परंपरेचा विचार केला आहे.

प्रतिकृती आणि आकारमानाचा नियम

लहान इंजिन हे मोठ्या इंजिनाचे केवळ आकुंचित रूप नसते, ही जाणीव वाफेच्या इंजिनाच्या इतिहासाइतकीच जुनी आहे. इ.स. १७६३-६४ च्या हिवाळ्यात ग्लासगो विद्यापीठासाठी उपकरणे तयार करणाऱ्या जेम्स वॉटकडे न्यूकोमेन इंजिनाची एक प्रतिकृती दुरुस्तीसाठी आली. तिच्या सिलिंडरचा व्यास २ इंच आणि दट्ट्याची धाव ६ इंच होती. दुरुस्ती झाल्यावरही ती थोड्याच फेऱ्यांनंतर थांबत असे, कारण तिचा बॉयलर पुरेशी वाफ देऊ शकत नव्हता. लहान सिलिंडरमध्ये घनफळाच्या मानाने पृष्ठभाग अधिक असतो आणि प्रत्येक फेरीत थंड होणाऱ्या भिंती पुन्हा तापविण्यातच पुष्कळ वाफ खर्च होते. मोठ्या इंजिनातही हाच अपव्यय होत होता, परंतु तो इतक्या ठळकपणे दिसत नव्हता. प्रतिकृतीने तो उघड केला. यातूनच इ.स. १७६५ मध्ये वॉटला स्वतंत्र संघनकाची कल्पना सुचली.

मूळ यंत्राच्या एक-द्वादशांश आकाराची प्रतिकृती केली, तर तिचे पृष्ठफळ मूळच्या १/१४४ आणि घनफळ १/१७२८ होते. म्हणजेच घनफळाच्या तुलनेत उष्णता गमावणारा पृष्ठभाग बारापट होतो. त्यामुळे प्रतिकृती करणाऱ्यास मूळ आराखड्याचे अंधानुकरण करता येत नाही. वाफेची छिद्रे, नळ्यांची जाडी, बॉयलरचा पत्रा आणि आटे यांबाबत त्याला प्रत्येक वेळी स्वतंत्र निर्णय घ्यावा लागतो.

सिलिंडरचा प्रश्न : विल्किन्सन ते घरगुती लेथ

वॉटने इ.स. १७६९ मध्ये पेटंट घेतले, तरी त्याचे इंजिन अनेक वर्षे व्यवहारात येऊ शकले नाही. दट्ट्याभोवतीची वाफेची गळती रोखण्याइतके गोल व सरळ सिलिंडर त्या काळी मिळत नव्हते. इ.स. १७७५ च्या सुमारास जॉन विल्किन्सनने हा प्रश्न सोडविला. त्याने पोखरणीचा दांडा सिलिंडरच्या आरपार नेऊन दोन्ही टोकांना आधार दिला. पूर्वीच्या यंत्रात दांड्याला एकाच बाजूने आधार असे आणि कर्तनाचे हत्यार ओतकामातील वाकड्यातिकड्या पोकळीच्या मागे जात असे. नव्या रचनेत भोकाची दिशा दांड्याच्या अक्षानुसार ठरू लागली. विल्किन्सनने केलेल्या ५० इंची सिलिंडरमध्ये जुन्या शिलिंगच्या जाडीएवढीही चूक नसल्याचे वॉटचा भागीदार मॅथ्यू बोल्टन याने नोंदविले आहे.

घरगुती कार्यशाळेत प्रचलित असलेली एक पद्धती तत्त्वतः हीच आहे. सिलिंडरचा ओतीव भाग लेथच्या सॅडलवर घट्ट बसविला जातो. लहान हत्यार बसविलेला दांडा दोन सेंटरांच्या मध्ये फिरतो आणि सॅडल हळूहळू पुढे सरकते. ५० इंचांच्या ठिकाणी पाऊण इंच आले, परंतु युक्ती तीच राहिली. हत्याराला हाताऐवजी यंत्राचा आधार देणारा स्लाइड रेस्ट आणि आटे पाडणारा अचूक लेथ इ.स. १८०० च्या सुमारास हेन्री मॉड्स्लेच्या कार्यशाळेत परिणत रूपास आले. घरगुती लेथ हा त्यांचाच लहान वारसदार होय.

छापील माध्यम आणि ज्ञानाचा प्रसार

हे ज्ञान पूर्वी उमेदवारीच्या पद्धतीने, कारखान्यातील अनुभवी फिटर व टर्नर यांच्या हाताखाली मिळत असे. कारखान्याबाहेरील व्यक्तीला ते उपलब्ध होण्याचा मार्ग इ.स. १८९८ मध्ये विस्तारला. त्या वर्षी पर्सिव्हल मार्शल याने लंडनमध्ये ‘मॉडेल इंजिनिअर’ हे नियतकालिक सुरू केले आणि त्याच वर्षी तेथे हौशी कारागिरांची संस्थाही स्थापन झाली. याच सुमारास शिपलेक येथे स्टुअर्ट टर्नर याने लहान इंजिनांचे ओतीव भाग विकण्यास प्रारंभ केला आणि पुढे इ.स. १९०६ मध्ये कंपनी स्थापली. या कंपनीच्या ‘१०’ क्रमांकाच्या इंजिनात सिलिंडरचा व्यास आणि दट्ट्याची धाव दोन्ही पाऊण इंच आहेत. ग्राहकाच्या हाती पडत असे तो खडबडीत ओतकामाचा संच व आराखडा. इंजिन त्याने स्वतः घडवायचे असे.

आराखडा अंतिम आकार सांगतो. कोणते काम आधी व कोणते नंतर करावे, भाग कसा पकडावा, हे तो सांगत नाही. ही उणीव लेखमालांनी भरून काढली. ‘एलबीएससी’ या टोपणनावाने लिहिणारे कर्ली लॉरेन्स यांचे या संदर्भातील कार्य विशेष उल्लेखनीय आहे. केवळ अडीच इंच रुळांतराचे, कोळशावर चालणारे इंजिन प्रौढ माणसाला ओढू शकते, हे त्यांनी इ.स. १९२० च्या दशकात दाखवून दिले. त्यानंतर अनेक दशके त्यांनी क्रमवार सूचनांच्या रूपाने सामान्य वाचकाला इंजिन घडविण्यास शिकविले. उमेदवारीत तोंडी दिले जाणारे ज्ञान अशा प्रकारे छापील स्वरूपात आले.

मापन विरुद्ध जुळणी

एकोणिसाव्या शतकात कारखानदारीची दिशा अदलाबदलीयोग्य भागांकडे वळली. जोसेफ व्हिटवर्थने इ.स. १८४१ मध्ये आट्यांच्या एकसारखेपणाची योजना मांडली आणि ठरावीक मर्यादेतील कोणताही दट्ट्या कोणत्याही सिलिंडरमध्ये बसावा, हे पुढे उत्पादनाचे ध्येय बनले. घरगुती कारागिराची गरज वेगळी होती. त्याच्यापुढे एकच सिलिंडर आणि एकच दट्ट्या असे. प्रथम सिलिंडर पूर्ण करावयाचे, नंतर दट्ट्या त्याच्याच दांड्यावर घट्ट बसवून शेवटचा कात द्यावयाचा आणि तो त्या सिलिंडरमध्ये सहज सरकेपर्यंत तपासत राहावयाचे, अशी पद्धत रूढ झाली. दट्ट्या स्वतःच्या दांड्यावरच कातल्यामुळे दोन्ही समकेंद्री राहतात. सरकत्या झडपेचा पृष्ठभाग सपाट काचेवर बारीक अपघर्षक पसरून घासला जातो. यात व्यासाचा नेमका आकडा दुय्यम ठरतो. परस्परांतील जुळणी महत्त्वाची असते.

मात्र ही परंपरा प्रमाणीकरणाच्या विरोधात नव्हती. इ.स. १८८४ मध्ये ब्रिटिश असोसिएशनने स्विस पद्धतीवरून लहान आट्यांची मालिका स्वीकारली. तिच्यात शून्य क्रमांकाच्या स्क्रूचा व्यास ६ मिलिमीटर व आट्यांचे अंतर १ मिलिमीटर असून पुढील प्रत्येक क्रमांकात हे अंतर सुमारे नऊ-दशांश होत जाते. हौशी कारागिरांनी ही मालिका आनंदाने स्वीकारली. विकत घ्यावयाच्या वस्तूंसाठी प्रमाण मापे आणि स्वतः घडवावयाच्या भागांसाठी जुळणी, असा समन्वय त्यांनी साधला.

प्रतिकृती : इतिहासाचे साधन

या परंपरेचा आर्थिक आधार मात्र कायम राहिला नाही. इ.स. १९३४ मध्ये नॉटिंगहॅमजवळील बीस्टन येथे सुरू झालेल्या मायफोर्ड कंपनीचा इ.स. १९४६ चा ‘एमएल ७’ लेथ ब्रिटनमधील असंख्य घरांत पोहोचला होता. इ.स. २०११ मध्ये बीस्टन येथील कारखाना बंद पडला. अशा वेळी प्रत्यक्ष हाताने घडविण्याचे ज्ञान कोठे जतन होते, हा प्रश्न इतिहासकाराच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो. चेरी हिल यांचे कार्य या प्रश्नाचे एक उत्तर देते. एकोणिसाव्या शतकातील दुर्मीळ वाफेच्या यंत्रांचा अभ्यास करून त्यांनी घरच्या कार्यशाळेत त्यांच्या चालत्या प्रतिकृती घडविल्या. या कार्यासाठी त्यांना ड्यूक ऑफ एडिंबरो चषक अनेकदा मिळाला. असे यंत्र पुन्हा घडविताना जुन्या आराखड्यातील मौन आणि विसंगती उघड होतात. कागदावर शक्य भासणारी रचना धातूत उतरते की नाही, याची ती परीक्षाच असते.

समारोप

वॉटसमोरील प्रतिकृतीने मोठ्या इंजिनाचा दोष दाखविला; आधुनिक घरगुती कार्यशाळेने मोठ्या उद्योगाने मागे टाकलेली कार्यपद्धती जपली. संगणकनियंत्रित यंत्रे आता घरातही आली आहेत. तरीही कामाचा क्रम, पकड आणि जुळणी यांविषयीचे निर्णय माणसालाच घ्यावे लागतात. हे निर्णय दप्तरांत क्वचितच नोंदले जातात. ते हातात व सवयीत राहतात आणि करणारा गेला की नाहीसे होतात. म्हणून तंत्रज्ञानाच्या इतिहासकाराने पेटंट व कारखान्यांच्या नोंदींबरोबर हौशी कारागिरांच्या लेखमाला, त्यांची हत्यारे आणि त्यांनी घडविलेली इंजिने यांनाही प्राथमिक साधनांचा दर्जा देणे आवश्यक आहे.