सात किलोची पिशवी आणि पलीकडचं दार

मंडळी, पोस्ट जरा मोठी आहे. पण घरातलं कुणी परदेशी निघालं असेल तर सवडीने वाचा.

आपल्या जिल्ह्यातली पोरं-पोरी हल्ली शिकायला, नोकरीला बाहेरदेशी जायला लागलीत. तिकीट हातात आलं की पहिली खरेदी बॅगांची. दोन मोठ्या सुटकेसी, त्यात कुकर, तवा, वर्षभराचं तिखट, गोधडी. मग बॅग काट्यावर चढते, दोन किलो जास्त भरते, आणि आईने ठेवलेलं काहीतरी बाहेर निघतं. विमानात सोबत न्यायच्या बॅगेला पुष्कळ कंपन्या सात किलोच्या आसपास मुभा देतात. तेवढ्यावर चार-सहा महिने निघतील का, असं विचारलं तर घरातले हसतील. पण इतिहासात हा प्रश्न लोकांनी खरोखर सोडवलाय.

समुद्रापार माल पाठवणं तर आपल्याला नवं नाहीच. आपलं तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात त्याचं नाव आहे. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं हे शहर, आणि इथलं सुती कापड गाड्यांतून भडोच बंदराकडे जायचं. तेरच्या लामतुरे संग्रहालयातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती आणि इटलीत पॉम्पेईला 1938 साली सापडलेली मूर्ती बहिणी-बहिणी वाटाव्यात इतक्या सारख्या. पॉम्पेईची मूर्ती जेमतेम वीतभर उंचीची. कापड काय, हस्तिदंत काय, वजनाला हलकं आणि किमतीला भारी. लांबच्या वाटेचं गणित तेव्हाही हेच होतं.

ही झाली मालाची गोष्ट. माणसाच्या सामानाचं बघायचं तर 1931 सालात यावं लागतं.

29 ऑगस्ट 1931 रोजी गांधीजी दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी मुंबईहून ‘राजपुताना’ बोटीने निघाले. स्वतःचं सामान नेहमीसारखं थोडकं. पण बरोबरच्या मंडळींच्या पेट्यांचा ढीग बघून ते संतापले. विलायतेची थंडी, कशाची गरज लागेल सांगता येत नाही, म्हणून लोकांनी प्रेमाने दिलेलं सगळं भरून घेतलेलं. आपल्या घरी होतं तेच! गांधीजींनी हिशेब मागितला, आणि बोट एडनला लागल्यावर सात ट्रंका-सुटकेसी तिथूनच परत पाठवल्या. पुढे मार्सेलिसला जकात अधिकाऱ्याला त्यांनी सांगितलेली यादी प्रसिद्ध आहे: चरखे, तुरुंगातली भांडी, शेळीच्या दुधाचा डबा, खादीचे पंचे. एवढ्यावर लंडनचे जवळपास तीन महिने काढले. त्याच वेशात राजाच्या महालातही जाऊन आले.

गोष्ट इथेच थांबवली तर छान बोधकथा होते. पण गांधीजी लंडनमध्ये उतरले कुठे? पूर्व लंडनच्या गरीब वस्तीत, म्युरियल लेस्टर यांच्या किंग्जली हॉलमध्ये. खोली तयार होती, माणसं वाट बघत होती. पिशवी हलकी ठेवता आली, कारण पलीकडचं दार उघडं होतं.

दुसरी गोष्ट बाबासाहेबांची. 1941 साली आपल्या कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदार परिषदेसाठी आले ते बाबासाहेब. 1917 साली बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती संपली आणि लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं. पहिलं महायुद्ध चालू होतं. ते स्वतः एका बोटीने आले, पुस्तकांचं सामान दुसऱ्या बोटीने निघालं. ती बोट जर्मन पाणबुडीने बुडवली. पोटाला चिमटा घेऊन जमवलेली पुस्तकं समुद्राच्या तळाशी गेली. थॉमस कुक कंपनीकडून नुकसानभरपाईचे 600 रुपये मिळाले, ते बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला कामी आले.

म्हणजे ऑगस्ट 1917 मध्ये हा माणूस मुंबईत उतरला तेव्हा त्याचंही सामान हलकंच होतं. फक्त ते त्याने ठरवलेलं नव्हतं. आणि बडोद्यात काय झालं? कोलंबियात शिकून आलेल्या माणसाला राहायला जागा मिळेना. पारशी नाव लावून एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन माणसं आली आणि बाहेर काढलं. शहरात कुणी दार उघडलं नाही. बागेत बसून त्यांनी रात्रीच्या मुंबईच्या गाडीची वाट बघितली.

पिशवीत किती किलो आहेत, यापेक्षा ती टेकवायची कुठे हा प्रश्न मोठा असतो, हे यातून कळतं. 1920 साली ते पुन्हा लंडनला गेले, ते स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेनांनी दिलेलं कर्ज यांच्या जोरावर. 1923 साली डी.एस्सी. मिळवली. ती मोठ्या पेटीमुळे मिळाली नाही, पाठीशी उभ्या राहिलेल्या माणसांमुळे मिळाली.

आता आपल्याकडे या. आपण पोराला पन्नास किलोचं सामान देतो, कारण तिकडे आपलं कुणी नाही ही भीती असते. कुकर तिकडेही मिळतो. मिळत नाही ते पहिल्या आठवड्यात घ्यायला येणारं माणूस. जिल्ह्यातली जी पोरं आधीच तिकडे आहेत त्यांचे नंबर, राहण्याची सोय, पहिल्या महिन्याचं भाडं, यावर खर्च करा. नंतर बॅग आपोआप हलकी होते.

आणि जे हरवून चालणार नाही ते मोठ्या बॅगेत टाकूच नका. पासपोर्ट, मूळ गुणपत्रिका, औषधं आणि डॉक्टरची चिठ्ठी, एक गरम कपडा, एवढं स्वतःजवळ. लोणच्याची बरणी मात्र हातातल्या बॅगेत ठेवू नका. 2006 साली लंडनला विमानं उडवण्याचा कट उघड झाला, तेव्हापासून द्रव पदार्थांवर 100 मिलिलीटरची मर्यादा आली. शेंगाचटणी कोरडी न्या.

आपल्यासाठी आणखी एक. 2023 साली जिल्ह्याचं नाव बदललं. जुन्या दाखल्यावर उस्मानाबाद, नव्यावर धाराशिव. ही दोन्ही नावं एकाच ठिकाणची, हे परदेशातल्या खिडकीपलीकडच्या माणसाला ठाऊक नसतं. नामांतराच्या राजपत्राची एक प्रत फाईलमध्ये असू द्या. वजन एका कागदाचं, पण अडचणीत तोच कामी येईल.

तुमच्या ओळखीचं कुणी बाहेरदेशी असेल, आणि नव्याने येणाऱ्याला चार दिवस आसरा द्यायची तयारी असेल, तर देश आणि शहर खाली लिहा. नंबर एकमेकांना खाजगीत द्या. एडनहून परत पाठवाव्या लागणाऱ्या पेट्या आपण घरीच कमी करू.