डीआय बॉक्स (बेस गिटारसाठी)

बेस गिटारचा उच्च अवरोधाचा, असंतुलित संकेत मिक्सरच्या माइक इनपुटला चालेल असा संतुलित करून देणारी लहान पेटी. हैदराबादेत कोठीच्या गुजराती गल्लीत ध्वनिसामग्रीची दुकाने आहेत. तिथे पेटी घेताना किंमत नव्हे, हातातले वाद्य पाहावे. बॅटरी नसलेल्या पॅसिव्ह बेसचा पिकअप म्हणजे तारेचे वेटोळे. कंपनसंख्या वाढते तसा त्याचा अवरोधही वाढतो. 12:1 ट्रान्सफॉर्मरची पॅसिव्ह पेटी माइक इनपुटचा 1.5 किलोओहम भार 144 पटींनी वाढवून सुमारे 216 किलोओहम दाखवते. अशा पिकअपला तो कमी पडतो आणि बोटाच्या आघाताची धार बोथट होते. 1 मेगओहम इनपुटची अ‍ॅक्टिव्ह पेटी ती राखते. प्रीअ‍ॅम्प असलेल्या बेसला मात्र पॅसिव्ह पेटी उत्तम. तिला वीजही लागत नाही. मिक्सरला ‘हाय-झेड’ म्हणजे उच्च अवरोधाचे इनपुट असताना पेटी कशाला, हा आक्षेप वादक मिक्सरशेजारी बसला तरच टिकतो. लांब असंतुलित केबल वरचे स्वर गमावते आणि गुणगुण उचलते.

50 हर्ट्झची गुणगुण आली तर पेटीवरचे ग्राउंड लिफ्टचे बटण वापरावे. प्लगची अर्थिंग पिन काढून गुणगुण थांबवणे जीवघेणे आहे: अ‍ॅम्प्लिफायर बिघडला तर 230 व्होल्ट गिटारच्या तारांतून थेट वादकाच्या हातात येऊ शकतात. अ‍ॅक्टिव्ह पेटीसाठी मिक्सरचा 48 व्होल्टचा फँटम पुरवठा सुरू करताना चॅनल म्यूट ठेवावा. अ‍ॅम्प्लिफायरचे स्पीकर आउटपुट पेटीला कधीही जोडू नये. तशी सोय पेटीवर स्पष्ट छापलेली असेल, तरच अपवाद.