मोजशब्द (चिनी ‘ग’ आणि वऱ्हाडातली मोजणी)

मोजशब्द : संख्या आणि नाम यांच्यामध्ये येऊन काय मोजले जात आहे ते सांगणारा शब्द. चिनी (मँडरिन) भाषेत तो टाळता येत नाही. ‘तीन माणसे’ म्हणायचे तर ‘सान ग रन’. यातला ‘ग’ सर्वांत जास्त चालणारा; माणूस, सफरचंद, शहर, महिना, प्रश्न, सगळ्यांना लागतो, म्हणून शिकणाऱ्याने आधी तोच पक्का करावा. कागद, टेबल अशा सपाट वस्तूंना ‘चांग’, नदी, रस्ता, मासा अशा लांबट गोष्टींना ‘थ्याव’. मोजताना दोनाचे रूपही बदलते : ‘अर’ जाऊन ‘ल्यांग’ येते.

बुलढाणा जिल्ह्यातल्या विद्यार्थ्याला यात परके वाटण्यासारखे फारसे नाही. माणसे मोजताना आपल्याही ‘दोन’चे ‘दोघे’ होते, बायका असतील तर ‘दोघी’; चौघांनंतर ‘पाच जण’, ‘सहा जणी’. ‘जण’ हा माणसांपुरता खराखुरा मोजशब्द, बैलाला तो लागत नाही. भारत हे एक भाषिक क्षेत्र आहे, असे भाषाशास्त्रज्ञ मरे एमेनो यांनी १९५६ साली मांडले, तेव्हा अशा शब्दांचाही आधार घेतला होता. चिनीत घरातली माणसे ‘खौ’ने, म्हणजे तोंडाने मोजतात, आपणही घरात खाणारी तोंडे किती, असे विचारतोच.

बाजारात हे वैभव आणखी दिसते. मेथीची जुडी, लसणाची गड्डी, केळीची फणी, विड्याच्या पानांची कवळी, गवताचा भारा. ज्वारी काढल्यावर ताटे वाळवून पेंढ्या बांधतात आणि कडब्याचा भाव शेकड्याने ठरतो. शंभर काय, हे कुणी विचारत नाही, पेंढ्याच. बैल जोडीने, सोयाबीन पोत्याने. शेतकऱ्याचा कापूस क्विंटलने विकला जातो, जिनिंग-प्रेसिंगमधून मात्र १७० किलोच्या गाठी होऊन निघतो आणि रुईचा सौदा सुमारे ३५६ किलोच्या खंडीवर होतो.

चिनी व्याकरणात जुडी, पोते यांसारखे शब्दही ‘ग’च्याच जागी बसतात. फरक इतकाच की मराठीत एक जुडी, दोन जुड्या असे वचन बदलते, चिनीत बदलत नाही. मराठी भाषक हमखास अडखळतो ते दर्शक सर्वनामापाशी : ‘हा माणूस’ म्हणतानाही, संख्या नसली तरी, मध्ये ‘ग’ घालून ‘च ग रन’ म्हणतात.