बारावीनंतर कोणतं विद्यापीठ? पालघर-बोईसरच्या पालकांसाठी माहिती

दरवर्षी बारावीचा निकाल लागला की माजी विद्यार्थी आणि त्यांचे अब्बा-अम्मी माझ्याकडे येतात. प्रश्न एकच असतो, "सर, आता कुठे टाकायचं?" दोन वर्षांपूर्वी एक हुशार मुलगी आली. तिला दिल्लीला शिकायचं होतं आणि घरचेही तयार होते. पण प्रवेश परीक्षेचा फॉर्म मार्चमध्येच बंद झाला होता, आणि ते घरात कोणालाच माहीत नव्हतं. तिचं वर्ष गेलं. म्हणून ही माहिती निकालाच्या आधी वाचा, शक्यतो अकरावीतच.

मुंबई विद्यापीठ: आधी कॉलेज पाहा

१८५७ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या हद्दीत मुंबई, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग येतात. पालघरच्या दांडेकर कॉलेजात बीएससी करा किंवा चर्चगेटला करा, पदवी मुंबई विद्यापीठाचीच मिळते. त्यामुळे विद्यापीठाचं रँकिंग पाहून आपलं कॉलेज कसं आहे ते कळत नाही. नॅकने २०२१ मध्ये विद्यापीठाला ए प्लस प्लस श्रेणी दिली, पण प्रत्येक कॉलेजचं नॅक मूल्यांकन वेगळं होतं. कॉलेजची श्रेणी, कायम शिक्षक किती, प्रयोगशाळा चालू आहे का आणि हवा तो विषय तिसऱ्या वर्षापर्यंत मिळतो का, हे स्वतः जाऊन विचारा.

बीए, बीकॉम, बीएससीसाठी आधी विद्यापीठाच्या पोर्टलवर नोंदणी करावी लागते, मग कॉलेजचा फॉर्म भरायचा. नुसता कॉलेजचा फॉर्म भरून चालत नाही.

अल्पसंख्याक दर्जाच्या कॉलेजांत राखीव कोटा असतो. मात्र अल्पसंख्याक म्हणजे दर वेळी मुस्लिम नव्हे. गुजराती किंवा सिंधी भाषिक अल्पसंख्याक कॉलेजचा कोटा आपल्याला लागू होत नाही. मुंबई सेंट्रलजवळचं महाराष्ट्र कॉलेज, वांद्र्याचं रिझवी आणि बोईसरचं थीम इंजिनिअरिंग कॉलेज इथे चौकशी करता येईल.

मुंबईतली इतर सरकारी विद्यापीठं

एसएनडीटी महिला विद्यापीठ १९१६ पासून फक्त मुलींसाठी आहे. चर्चगेट आणि जुहू इथे त्याचे कॅम्पस आहेत. एल्फिन्स्टन, सिडनहॅम आणि इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स ही जुनी सरकारी कॉलेजं २०१९ पासून डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठात आहेत, तेव्हा त्यांचे प्रवेश वेगळे पाहावे लागतात.

तारापूर एमआयडीसीतल्या केमिकल कंपन्या पाहत मोठी झालेली आपली मुलं माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचं, म्हणजे आयसीटीचं नावसुद्धा ऐकत नाहीत. १९३३ साली सुरू झालेली ही संस्था केमिकल इंजिनिअरिंगमध्ये देशात नावाजलेली आहे. तिथल्या बी. टेक.ला एमएचटी-सीईटी किंवा जेईईचे गुण लागतात.

अलीगढ, जामिया, मानू

ही तिन्ही केंद्रीय विद्यापीठं आहेत. अलीगढमध्ये मुसलमानांना आरक्षण आहे असा आपल्याकडे समज आहे. खरं तर तिथे निम्म्या जागा अलीगढच्याच शाळा-कॉलेजांतून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी असतात. बोईसरच्या मुलाला उरलेल्या जागांसाठी सगळ्यांशी स्पर्धा करावी लागते. दिल्लीच्या जामियाला २०११ मध्ये अल्पसंख्याक दर्जा मिळाला आणि तिथे निम्म्या जागा मुस्लिम विद्यार्थ्यांसाठी राखीव झाल्या. हैदराबादची मौलाना आझाद उर्दू युनिव्हर्सिटी, म्हणजेच मानू, १९९८ ची. तिथे शिक्षण उर्दूतून होतं आणि उर्दू येणं गरजेचं असतं. उर्दू माध्यमातून शिकलेल्या आपल्या मुलांसाठी हा चांगला पर्याय आहे.

अलीगढ आणि जामिया काही कोर्सना सीयूईटीचे गुण घेतात, बाकी कोर्सना स्वतःची परीक्षा घेतात. दिल्ली विद्यापीठाच्या पदवी प्रवेशाला सीयूईटी लागते. ही परीक्षा मराठी आणि उर्दूतूनही देता येते. फॉर्म साधारण जानेवारी ते मार्चमध्ये निघतात, तेव्हा आपली मुलं बोर्डाच्या अभ्यासात असतात. फॉर्मवर लक्ष ठेवणं हे पालकांचं काम समजा.

खर्चाचा हिशोब

फक्त फी पाहू नका. बोईसरहून रोज मुंबईला जायचं तर एका बाजूला अडीच तासांच्या आसपास जातात. त्यात अभ्यास कधी करणार? पास, जेवण आणि थकवा एकीकडे, हॉस्टेलचा खर्च दुसरीकडे, असं कागदावर मांडून बघा. केंद्रीय विद्यापीठांची फी बहुधा कमी असते, पण हॉस्टेल मिळेलच असं नाही. प्रवेशाआधी लेखी विचारा.

आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक कोर्सची शिक्षण व परीक्षा फी राज्य सरकारने जुलै २०२४ मध्ये पूर्ण माफ केली. प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला पाहिजे. खासगी अभिमत विद्यापीठांना ही सवलत नाही. आपल्यातल्या बऱ्याच बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत. ज्या नाहीत, त्यांना अटी पूर्ण होत असतील तर ईडब्ल्यूएस मिळू शकतं. राज्याची अल्पसंख्याक शिष्यवृत्ती महाडीबीटीवर भरायची असते.

आताच करायची कामं

१. आधार, दहावीची मार्कशीट आणि बँक पासबुकावरचं नाव जुळवा. 'शेख' आणि 'शैख' एवढ्या फरकानेही अर्ज अडकतो.
२. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, नॉन-क्रिमीलेअर किंवा ईडब्ल्यूएस यांसाठी दिवाळीनंतर लगेच अर्ज करा. जातीच्या दाखल्याची पडताळणीही लांबवू नका.
३. दूरशिक्षणाच्या नावाखाली कोणी पैसे मागितले तर आधी यूजीसीच्या साईटवर त्या विद्यापीठाची आणि कोर्सची मान्यता तपासा. घरी बसून शिकायचं तर इग्नू आणि नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ ही सरकारी विद्यापीठं आहेतच.
४. एक लांबचं, एक मुंबईचं आणि एक घराजवळचं, असे तीन अर्ज तरी भरा.

मुलगी असेल तर "जवळ मिळालं तरच शिकवू" असं निकालाच्या दिवशी सांगू नका. काय परवडतं, किती लांब पाठवू शकतो, हे अकरावीतच तिच्यासोबत बसून ठरवा. म्हणजे ती त्या हिशोबाने तयारी करेल आणि तिचं वर्ष वाचेल.