राहूचा वाटा

पंचांगकर्त्याच्या धंद्यात ग्रहण ही सर्वांत कठीण परीक्षा. एकादशी चार घटका इकडची तिकडे झाली तर कुणाला कळत नाही, कारण तिथी डोळ्यांना दिसत नाही. ग्रहणाचा स्पर्श चुकला तर मात्र नदीत कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिलेल्या सगळ्या गावाला तो चुकलेला दिसतो. त्यामुळे आपल्याकडच्या ज्योतिष्यांना ग्रहणाचे खरे कारण ठाऊक असणे भागच होते, आणि निदान दीड हजार वर्षे ते ठाऊक होते. तरीही त्यांच्याच पंचांगात स्पर्श-मोक्षाच्या घटकांशेजारी वेध, स्नान आणि दान छापले जाई, आणि लोक राहूच्या नावाने दान देत. विज्ञानाचे सिद्धांत देवाला बाद करतात का, या प्रश्नावर युरोपातल्या खटल्यांचे दाखले नेहमी दिले जातात. पण एकाच पानावर इतकी शतके सिद्धांत आणि श्रद्धा दोन्ही बाळगणाऱ्या या धंद्याची साक्ष अधिक उपयोगी आहे. त्याच्या इतिहासातून निघते ते असे: सिद्धांताचे भांडण देवाशी क्वचितच झाले. ते झाले देवाच्या नावाने केलेल्या, पण पडताळून पाहता येणाऱ्या विधानाशी, आणि त्या विधानावर ज्यांचा अधिकार उभा होता त्यांच्याशी.

इ. स. ४९९ च्या ‘आर्यभटीया’त ग्रहणाची उपपत्ती स्वच्छ आहे: चंद्र सूर्याला झाकतो आणि पृथ्वीची छाया चंद्राला. सहाव्या शतकात वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त हेच मांडले, आणि मग लोकरूढ राहूचे काय करायचे याचा तोडगाही दिला. ग्रहणकाळी जे दान-हवन होईल त्यातून तुझी तृप्ती होईल, असा वर ब्रह्मदेवाने राहूला दिला आहे, म्हणून त्या वेळी त्याचे सान्निध्य असते. म्हणजे ग्रहण घडवण्याचे काम राहूकडून काढून घेतले, दानातला वाटा मात्र ठेवला. ब्रह्मगुप्ताला एवढी मोकळीकही पटली नाही. ६२८ च्या ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त त्याने राहू नाकारणाऱ्यांना, त्यात आर्यभट आणि वराहमिहिरही आले, वेद आणि स्मृती यांच्या विरोधात बोलल्याबद्दल फटकारले. पण त्याच ग्रंथातले त्याचे स्वतःचे ग्रहणगणित छायेच्या व्यासावरच चालते. राहू वराच्या बळावर त्या छायेत शिरतो, अशी तडजोड त्याने केली. गणिताला जिथे जागा लागत नव्हती, नेमक्या तिथेच त्याने राहूला बसवले.

ही तडजोड भीतीपोटी होती का? अल्-बेरुनीला अकराव्या शतकात तसेच वाटले. ब्रह्मगुप्ताच्या या ओळी वाचून त्याला सॉक्रेटिसाच्या वाट्याला आलेली शिक्षा आठवली. दक्षिणेवर जगणारा ज्योतिषी ग्रहणदानावर पाणी सोडायला तयार नव्हता, असेही म्हणता येईल. दोन्ही शंकांत तथ्य असू शकते, पण त्या पुरेशा नाहीत. आठव्या शतकातल्या लल्लाने ‘शिष्यधीवृद्धिदतंत्रा’त राहूचा समज उघडपणे खोडून काढला. त्याचा मुद्दा असा की राक्षस आपल्या मर्जीने ग्रासत असेल, तर ते गणिताने आधी कळते कसे, आणि ते फक्त पौर्णिमा-अमावास्येलाच का व्हावे? असे लिहूनही त्याचा ग्रंथ बहिष्कृत झाला नाही. पुढे खुद्द भास्कराचार्यांनी त्यावर टीका लिहिली. आणि मुहूर्तावरचा एक ग्रंथही याच लल्लाच्या नावावर आहे. बोलण्याची मुभा होती आणि बोलणारा नास्तिकही नव्हता. त्याचा आक्षेप देवतेच्या असण्यावर नव्हता, लहरीने वागण्यावर होता. जे नेमाने घडते त्याला मर्जी हे कारण पुरत नाही, हा त्याचा युक्तिवाद ग्रहणापुरता मर्यादित राहत नाही. निसर्गाच्या कोणत्याही नियमाला तो लागू पडतो.

महाराष्ट्रात ही परंपरा दोन अंगांनी वाढली. भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त छायेची उपपत्ती सविस्तर सिद्ध केली आणि शेवटी वराची तडजोड कायम ठेवली. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातवाने मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण येथे आहे. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० मध्ये ‘ग्रहलाघव’ रचला. त्यात त्यांनी ज्या-चापांचे (त्रिकोणमितीचे) किचकट गणित टाळले, त्यामुळे गावोगावच्या जोश्यांना त्यावरून पंचांग करता आले. या ग्रंथाची भूमिकाच अशी की कोणताही एक सिद्धांत संपूर्ण प्रमाण नाही. ज्या ग्रहाचे जे गणित आकाशाशी जुळते ते घ्यावे. ऋषिप्रोक्त ग्रंथही वेध घेऊन दुरुस्त करावा, असे मानणारा हा माणूस धार्मिक आचारात तसूभरही ढिला नव्हता. पुढे १८३० च्या दशकात सिहोरला लॅन्सलॉट विल्किन्सन या इंग्रज अधिकाऱ्याने पुराणांतला भूगोल मोडण्यासाठी भास्कराचार्यांनाच पुढे केले आणि सुबाजी बापूंनी १८३६ मध्ये मराठीत ‘सिद्धांतशिरोमणिप्रकाश’ लिहिला. पृथ्वी गोल ठरली, दुधातुपाचे समुद्र गेले. पण तिथेच शिकलेले पुण्याचे बापूदेव शास्त्री काशीच्या संस्कृत पाठशाळेत पंडित म्हणूनच नावाजले. पुराणातला भूगोल पडला की धर्म पडेल, हा होरा चुकला.

खरी ठिणगी पडली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि तीही ग्रहणावरून नव्हे, तिथीवरून. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध केली आणि शके १७८७ पासून, म्हणजे १८६५ पासून, आबासाहेब पटवर्धनांच्या पाठबळाने सूक्ष्म गणिताचे पंचांग काढले. जुन्या गणितात तिथी साठ घटकांहून फार तर पाच घटका वाढे आणि सहा घटका घटे. ‘बाणवृद्धी रसक्षय’ हा जणू धर्माचाच नियम झाला होता. चंद्राची सूक्ष्म गती घेतली की ही मर्यादा मोडते आणि व्रत, श्राद्ध, पारणे यांचे दिवस सरकतात. विरोधकांचे उत्तर सतराव्या शतकातल्या कमलाकर या ज्योतिष्याकडून आलेले होते: ग्रहणासारख्या दृश्य गोष्टींसाठी आकाशाशी जुळणारे गणित घ्यावे, पण तिथीचे पुण्य अदृश्य असल्यामुळे तिथे ‘सूर्यसिद्धान्त’ हा जुना ग्रंथच प्रमाण. म्हणजे जिथे चूक दिसेल तिथे निरीक्षण, आणि जिथे दिसणार नाही तिथे परंपरा! छत्र्यांच्या बाजूचे लोक काही कमी धार्मिक नव्हते. त्यांचे म्हणणे असे की तिथी म्हणजे चंद्र-सूर्यांमधले अंतर, आणि ते चुकले तर एकादशीचा उपास दशमीला घडतो. छत्र्यांचे शिष्य लोकमान्य टिळक याच बाजूचे. हे पंचांग पुढे टिळकांच्या नावाने चालले. राशिचक्राचा आरंभ वेगळा धरल्यामुळे त्यातला अधिक मास कधी कधी वेगळा पडतो आणि काही घरांत गणपती महिनाभर आधी बसतात. वादाच्या दोन्ही बाजूंना श्रद्धावंतच होते. तंटा होता तो कोणाचे गणित प्रमाण आणि ते ठरवणार कोण, याचा.

यावर एक वजनदार आक्षेप असा की ग्रहण आणि तिथी हे सोपे दाखले झाले. उत्क्रांतिवाद थेट माणूस कसा घडला हे सांगतो, विश्वरचनाशास्त्र विश्वाच्या आरंभाला हात घालते. तिथे वराची पळवाट चालेल कशी? दाखला लहान आहे, हे मान्य. पण उत्तराची रीत तीच राहते. माणूस आहे त्याच रूपात एकदम निर्माण झाला, हे पडताळता येणारे विधान आहे आणि ते पुराव्यापुढे टिकत नाही. नियमांनी चालणारे हे जग मुळात का आहे, हा प्रश्न मात्र उत्क्रांतीच्या पुराव्याने सुटत नाही. दुसरा आक्षेप उलट दिशेचा आणि अधिक बोचरा: अशाने देवाकडे उरले काय? आधी ग्रहण गेले, मग भूगोल गेला, उद्या आणखी काही जाईल. पडताळणीच्या पलीकडे ढकललेला देव म्हणजे पराभव सभ्य शब्दांत कबूल करणेच नव्हे का? राहूपुरते हे खरे आहे. कृती करणारी देवता केवळ वाटेकरी होऊन राहिली, हा तोटाच होय, आणि ‘विज्ञान आणि धर्म यांत विरोधच नाही’ असे म्हणणारे तो हिशेबात धरत नाहीत. पण ज्याची श्रद्धा कारण पुरवण्यासाठी नव्हतीच, त्याचे यात काही गेले नाही. म्हणूनच ग्रहलाघवकारांना आकाश तपासायला भीती वाटली नाही.

म्हणून सिद्धांत आणि देव यांत विरोध आहे का, या प्रश्नाला सरसकट हो किंवा नाही असे उत्तर नाही. कोणत्या विधानाशी विरोध, हे आधी विचारले पाहिजे. देवाच्या नावाने केलेले विधान आकाशाशी ताडून पाहता येत असेल, तर निकाल आकाशच देईल, आणि तो देवाचा अपमान नव्हे. येत नसेल, तर विज्ञानाने ते खोटे ठरवले असे म्हणणेही चूक, आणि सिद्ध केले असे म्हणणेही. कमलाकराच्या वाटणीतला दोष इथेच कळतो. दृश्य आणि अदृश्य हा भेद त्याने योग्य केला, पण आकाशात मोजता येणारी तिथी त्याने अदृश्याच्या खात्यात घातली, कारण त्या खात्यावर शास्त्राचा ताबा होता. आजही श्रद्धेच्या नावाने एखादी गोष्ट पडताळणीबाहेर ठेवली जाते, तेव्हा ती खरोखर मोजता येण्यापलीकडची आहे की मोजली तर कुणाचा अधिकार जाईल म्हणून झाकली आहे, एवढे तपासले तरी बहुतेक वादांतली खरी बाजू समोर येते.