श्वासांचा हिशेब : अजपा जपाची कुळकथा

योगमार्गातील गुरुदीक्षेचा विषय निघाला की महाराष्ट्रात 'अजपा' हा शब्द हटकून येतो. 'जप' म्हणजे एखाद्या मंत्राचे पुनःपुन्हा केलेले उच्चारण. त्याला निषेधाचा 'अ' जोडून झालेले 'अजपा' हे स्त्रीलिंगी विशेषण मुळात गायत्रीचे आहे, आणि जिचा जप मुद्दाम करावा लागत नाही ती गायत्री, असा त्याचा अर्थ आहे. श्वास आत येताना 'सो' आणि बाहेर पडताना 'हं' असा नाद प्रत्येक देहात आपोआप चाललेला असतो, एका अहोरात्रात म्हणजे दिवस-रात्र मिळून तो २१,६०० वेळा होतो, आणि गुरू शिष्याला जे देतो ते या नादाकडे वळलेले लक्ष होय, अशी ही कल्पना आहे. आज ती एकसंध दिसत असली, तरी तिच्यातील संख्या, तिच्यातील शब्द आणि तिच्यातील गुरूचा वाटा ही तीन वेगवेगळ्या घरांतून आलेली माणसे आहेत, आणि त्यांची सोयरीक जुळायला दीड हजार वर्षांहून अधिक काळ लागला.

या तिघांत वयाने थोरली संख्या आहे आणि तिचे माहेर यज्ञवेदीवर आहे. 'शतपथ ब्राह्मणा'त अग्निचयनाचे, म्हणजे विटांची वेदी रचण्याच्या महायज्ञाचे, सविस्तर विवरण आहे. ही वेदी म्हणजे संवत्सराचे, पूर्ण वर्षाचे, शरीर मानलेले असल्याने तिच्यातील विटांची संख्या कालगणनेशी जुळवलेली आहे. दिवसाचे ३० मुहूर्त (एक मुहूर्त आजच्या ४८ मिनिटांचा) आणि वर्षाचे ३६० दिवस धरले, तर वर्षात १०,८०० मुहूर्त भरतात. म्हणून 'लोकंपृणा', म्हणजे मोकळी जागा भरून काढणाऱ्या, विटाही १०,८०० सांगितल्या आहेत. त्याच ग्रंथाच्या पुढील एका कांडात हीच संख्या माणसाच्या देहावर उतरते : पुरुष एका अहोरात्रात १०,८०० वेळा प्राण घेतो आणि तितक्याच वेळा अपान सोडतो, असे तेथे म्हटले आहे. दोन्हींची बेरीज २१,६०० होते. श्वास मोजून संख्या काढलेली नाही, तर वर्षाची संख्या श्वासावर आरोपित केलेली आहे, हे येथे उघड दिसते. जे वर्ष वेदीवर विटांनी मांडले जात होते, ते देहात एका दिवसाच्या श्वासांनी मांडले गेले.

या संख्येला गणिती बैठक मिळाली ती ज्योतिषशास्त्रात. इ. स. ४९९ च्या सुमारास रचल्या गेलेल्या 'आर्यभटीया'त साठ गुरू अक्षरे, म्हणजे दीर्घ उच्चाराची अक्षरे, म्हणायला लागणाऱ्या काळाला विनाडिका म्हटले आहे आणि तिची दुसरी व्याख्या सहा प्राण अशी दिली आहे. साठ विनाडिकांची एक नाडिका, म्हणजे मराठीतील घटका, आणि साठ घटकांचा एक दिवस. सहाला साठाने दोनदा गुणले की पुन्हा २१,६०० येतात. वर्तुळाचे अंश ३६० आणि प्रत्येक अंशाच्या कला ६० असल्यामुळे वर्तुळाच्या कलाही २१,६०० होतात. तेव्हा एका श्वासाच्या अवधीत आकाशाचा गोल बरोबर एक कला फिरतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरते असे मानणाऱ्या आर्यभटाने तर एका प्राणात पृथ्वी एक कला पुढे जाते, अशाच शब्दांत हे मांडले होते, आणि पुढील टीकाकारांना ते न पटल्यामुळे तेथे पाठभेद शिरला. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनीही 'सिद्धांतशिरोमणी'त 'असु' या नावाने दहा गुरू अक्षरांचे हेच माप दिले आहे. या मापाने एका श्वासाला चार सेकंद आणि मिनिटाला पंधरा श्वास होतात. विश्रांत अवस्थेतील निरोगी प्रौढ माणसाचे श्वसन मिनिटाला साधारण बारा ते वीस असते, त्यामुळे ही संख्या अनुभवाशी विसंगत ठरली नाही. तरीही ती वैद्याची मोजणी नसून ज्योतिष्याचे प्रमाण आहे, आणि तिच्यामुळे माणसाचा देह हेच एक घटिकायंत्र ठरले.

'सोऽहं' या शब्दाचे कूळ वेगळे आहे. 'सः' (तो) आणि 'अहम्' (मी) यांच्या संधीने तो बनतो : विसर्गाचा 'ओ' होतो आणि पुढील 'अ' लोप पावतो, त्या लोपाची खूण म्हणून अवग्रह लिहिला जातो. बृहदारण्यक उपनिषदात सृष्टीच्या आरंभी एकटा असलेला आत्मा चहूकडे पाहतो, स्वतःवाचून काहीच न दिसल्याने पहिला उद्गार म्हणून हेच शब्द काढतो आणि त्यावरून त्याला 'अहम्' हे नाव मिळते. ईशावास्यात सूर्याला आपले किरण आवरण्याची विनवणी करणारा उपासक त्या तेजातल्या पुरुषाशी आपले ऐक्य याच शब्दांत सांगतो. या दोन्ही ठिकाणी श्वासाचा संबंध नाही. 'हंस' हा शब्द तर त्याहून जुना. ऋग्वेदात तो तेजाच्या आकाशस्थ पक्ष्याला लावलेला आढळतो, तर श्वेताश्वतर उपनिषदात ब्रह्मचक्रात भ्रमण करणारा आणि नऊ दारांच्या नगरीत, म्हणजे देहात, वास करणारा जीव हाच हंस आहे.

जीव, पक्षी आणि श्वास यांची गाठ मारली ती तंत्रग्रंथांनी. 'हंस' या शब्दाची दोन अक्षरे म्हणजे श्वासाचे दोन आवाज, असा अर्थ त्यांनी लावला, आणि जो शब्द जीवाचे नाव होता तो जीवाचा मंत्र झाला. काश्मीरच्या शैव परंपरेतील 'विज्ञानभैरव' या ग्रंथाशी निगडित असलेल्या आणि अकराव्या शतकात अभिनवगुप्तांचे शिष्य क्षेमराज यांनी उद्धृत केलेल्या श्लोकानुसार श्वास 'स'काराने बाहेर जातो आणि 'ह'काराने आत येतो. गोरक्षनाथांच्या नावावर असलेल्या योगग्रंथांत आणि पुढे 'घेरंडसंहिते'त हा क्रम नेमका उलटा आहे : 'ह'काराने बाहेर, 'स'काराने आत. हा भेद केवळ पाठांतराचा नाही. श्वास आत घेण्यापासून मोजणी सुरू केली, तर काश्मिरी क्रमाने 'हंस' आणि नाथांच्या क्रमाने 'सोऽहं' ऐकू येते. महाराष्ट्रात 'सोऽहं' हेच रूप रुजले त्याचे एक कारण म्हणून या नाथक्रमाकडे बोट दाखवता येते. अर्थात एकच शब्द अखंड म्हणत राहिले, तर दुसरा त्यातूनच उमटतो, हे दोन्ही परंपरांना ठाऊक होते.

मंत्र म्हटला की त्याला ऋषी, छंद आणि देवता लागतात. तंत्रकारांनी त्यांचीही सोय केली. अजपेचा ऋषी हंस, छंद अव्यक्त गायत्री आणि देवता परमहंस सांगितली जाते. प्रसिद्ध गायत्री छंदाची अक्षरे चोवीस असतात, तर येथे अक्षरे दोनच. म्हणून 'अव्यक्त' हे विशेषण अर्थपूर्ण ठरते.

गुरू या कुळात आला तो तिसऱ्या वाटेने, नित्यकर्माच्या वाटेने. सकाळी उठल्यापासून निजेपर्यंतच्या धार्मिक आचाराला आह्निक म्हणतात. या आह्निकाच्या आरंभी, अंथरुणातच करायच्या प्रातःस्मरणात, 'अजपाजपनिवेदन' नावाचा एक लहानसा विधी आहे. काल सूर्योदयापासून आज सूर्योदयापर्यंत श्वासांनी झालेला जप साधक मनाने देवतांना वाटून देतो, आणि आजच्या सूर्योदयापासून होणाऱ्या जपाचा संकल्प करतो. वाटणीचे कोष्टक ठरलेले आहे : मूलाधारातील गणेशाला ६००, स्वाधिष्ठानातील ब्रह्मदेवाला, मणिपुरातील विष्णूला आणि अनाहतातील रुद्राला प्रत्येकी ६,०००, आणि त्यावरच्या तीन स्थानी जीवात्मा, परमात्मा आणि गुरू यांना प्रत्येकी १,०००. बेरीज २१,६०० होते आणि शिल्लक काही उरत नाही. शेवटच्या दोघांचा क्रम ग्रंथागणिक बदलतो. कोठे गुरू भुवयांमधील आज्ञाचक्रात असतो, कोठे मस्तकावरील सहस्रारात. गरुडपुराणाच्या 'सारोद्धार' या सोळा अध्यायांच्या संक्षेपातही ही वाटणी आली आहे, त्यामुळे दहा दिवसांच्या सुतकात गरुडपुराण वाचले जाते त्या घरांत, श्वास थांबलेल्या माणसामागे श्वासांचा हा हिशेब ऐकला जातो.

या विधीत साधकाच्या पदरी कर्तृत्व जवळजवळ राहतच नाही. जप त्याने केलेला नाही, कारण तो झोपेतही चालू होता. मोजलेला नाही, कारण संख्या शास्त्राने आधीच ठरवली आहे. आणि अर्पण केल्यावर फळही त्याचे राहत नाही. त्याच्याकडे उरते ते एवढेच, की हे चालले आहे याची जाणीव ठेवणे. जी गोष्ट पहिल्या श्वासापासून चालू आहे तिच्यासाठी गुरू कशाला, या आक्षेपाचे उत्तर येथेच आहे : चालू असलेली गोष्ट दाखवून द्यायलाच गुरू लागतो, आणि त्या दाखवून देण्याचे ऋण रोजच्या एक हजार श्वासांनी मान्य केले जाते.

महाराष्ट्रात हा वारसा मुख्यतः नाथपरंपरेने पोचवला. आदिनाथ, मत्स्येंद्रनाथ, गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ या क्रमाने आलेली आपली गुरुपरंपरा ज्ञानदेवांनी १२९० मध्ये पूर्ण झालेल्या 'ज्ञानेश्वरी'च्या अखेरीस सांगितली आहे. रामदासांनी 'दासबोधा'च्या सतराव्या दशकात 'अजपानिरूपण' हा स्वतंत्र समासच लिहिला, आणि अजपा हा योग्यांच्या गुप्त साधनेचा विषय न राहता प्रापंचिकाच्या रोजच्या वाचनात आला. विसाव्या शतकात रत्नागिरी जिल्ह्यातील पावसचे स्वामी स्वरूपानंद (१९०३–१९७४) यांनी, पुण्याचे बाबामहाराज वैद्य यांच्याकडून मिळालेली सोऽहं-साधना हेच आपले जीवितकार्य मानले आणि 'अभंग ज्ञानेश्वरी'सारख्या रचनांतून नाथांचा वारसा सोप्या मराठीत आणला.

याच नवनाथ परंपरेशी नाते सांगणाऱ्या इंचगिरी संप्रदायात मात्र या कुळाने वेगळे वळण घेतले. भाऊसाहेब महाराजांनी दीर्घकाळ नामस्मरण-ध्यानाचा जो मार्ग सांगितला त्याला पिपीलिका मार्ग, म्हणजे मुंगीच्या चालीची वाट, म्हणतात. त्यांचे शिष्य सिद्धरामेश्वर महाराज यांनी विचाराने थेट झेप घेण्याचा विहंगम मार्ग, म्हणजे पक्ष्याची वाट, पुरस्कारला. मुंबईच्या खेतवाडीत राहणारे निसर्गदत्त महाराज (१८९७–१९८१) हे सिद्धरामेश्वरांचे शिष्य. 'मी आहे' या जाणिवेला धरून राहा, एवढेच गुरूंनी सांगितले आणि आपण त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवला, असे ते सांगत. त्यांच्या मराठी संभाषणांचा इंग्रजी अनुवाद १९७३ मध्ये 'आय अ‍ॅम दॅट' या नावाने प्रसिद्ध झाला. ते शीर्षक म्हणजे 'सोऽहं'चेच भाषांतर आहे, पण त्या उपदेशात श्वासांची गणना नाही आणि चक्रनिहाय वाटणीही नाही. यज्ञवेदीवरून निघालेली संख्या येथे गळून पडली आणि दोन अक्षरांचा नादही मागे राहिला. तरीही खेतवाडीतील त्या घरात गुरूंच्या तसबिरींची पूजा आणि ठरल्या वेळेची भजने रोज होत राहिली. अजपेच्या कोष्टकात ज्याच्या नावावर एक हजारच श्वास होते, त्या गुरूकडे आता दिवसाचा सगळाच हिशेब आला होता.